शेऱ्याचा रकाना

वेलिंग्टनमधल्या एका सरकारी खात्यात मी कागद झाकायचं काम करते. हुद्द्याचं नाव भारदस्त आहे, पण काम एवढंच. कुणी खात्याला कोर्टात खेचलं की समोरच्या पक्षाला आमचे कागद बघायचा हक्क असतो. त्यातले कोणते द्यायचे, कोणते नाही, आणि नाही तर का नाही, याचा तक्ता मी बनवते. पुण्यात दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून इथे आल्यावर ही नोकरी मिळाली, ती एक्सेल बरं येतं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात आमच्या वकीलबाईंनी मला एका जुन्या निकालाबद्दल सांगितलं होतं. त्याच्या आधी म्हणे मंत्र्याने सही करून ‘हा कागद उघड करणं जनहिताचं नाही’ असं म्हटलं की कोर्ट मान डोलवायचं. मग एका खटल्यात वरच्या कोर्टाने ठरवलं, की नुसतं म्हणून भागणार नाही. न्यायाधीशांना वाटलं तर ते कागद मागवतील, स्वतः वाचतील, आणि झाकण्यात जास्त हित आहे की दाखवण्यात, हे तेच तोलतील. तेव्हापासून अशा प्रत्येक अपिलात तो निकाल पुढे येतोच.

“मग आपण काय करायचं?” मी विचारलं होतं.

“कारण नीट लिहायचं,” त्या म्हणाल्या.

त्यांना प्रामाणिकपणे लिही असंच म्हणायचं असणार. मी मात्र असं लिहायला शिकले, की वाचणाऱ्याला कागद मागवावासाच वाटू नये. त्यात मी लवकर तरबेज झाले आणि त्याचं मला कौतुकही वाटायचं.

मग ती केस आली. ऑकलंडमधल्या पापाटोएटोला वृद्धांसाठी एक डे सेंटर होतं. स्मृतिभ्रंश झालेली माणसं सकाळी तिथे यायची, गाणी म्हणायची, जेवायची, दुपारी घरी जायची. खात्याने ते बंद केलं. बंद करण्याआधी तीन सभा घेतल्या, लोकांचं म्हणणं ऐकलं आणि मग निर्णय घेतला, असं खात्याचं म्हणणं. सभा हा देखावा होता, निर्णय आधीच झाला होता, असं तिथल्या कुटुंबांचं. त्यांच्या वतीने पुढे झाली होती एक फिजीत जन्मलेली, सत्तरीची बाई. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली. तिचा नवरा त्या सेंटरला जायचा.

कागदांच्या ढिगात मला मंत्र्यांसाठी लिहिलेली दोन पानी टिपणी सापडली. तिच्यात लिहिलं होतं की सेंटर बंद करायचं ठरलेलं आहे, सभांमुळे लोकांना ते पचायला सोपं जाईल. मी तारीख पाहिली. पहिल्या सभेच्या पाच आठवडे आधीची. म्हणजे कुटुंबं म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं, आणि ते सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता.

मी चहा संपवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘मंत्र्यांना दिलेला मोकळा सल्ला. उघड झाल्यास अधिकारी यापुढे मोकळेपणाने सल्ला देणार नाहीत.’ शेजारी शेऱ्याचा रकाना होता, फक्त माझ्यासाठी आणि साहेबांसाठी. त्यात लिहिलं: ‘तारीख अडचणीची आहे. सल्ला म्हणून झाकता येईल.’ साहेबांचं उत्तर आलं, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’. मी पुढच्या कागदाकडे वळले.

पहिल्या कोर्टाने कारण वाचलं, ते मानलं, आणि कागद न बघताच आमच्या बाजूने निकाल दिला. कुटुंबं अपिलात गेली.

त्या सुमाराला बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे जॉन्सनव्हिलला आले होते. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात ते बेंच क्लार्क होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी कोर्टाची ओढ सुटलेली नाही. इथे त्यांना कंटाळा यायचा. मग अपील कोर्ट कुणालाही बसून बघता येतं हे कळल्यावर डबा घेऊन ट्रेनने जायला लागले. आमच्या खात्याची केस आहे एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. तक्ता माझा आहे हे नाही. सुनावणीच्या दिवशी ते गेले, मी ऑफिसात बसले.

संध्याकाळी ते खुशीत होते. “अगं, काय नीटनेटकं कामकाज! तीन न्यायमूर्ती, आवाज न चढवता. कुटुंबांच्या वकिलाने तो जुना निकाल काढला, वाक्यन्‌वाक्य वाचून दाखवला. आपल्याकडेही पुरावा कायद्यात तसलं कलम होतं, सरकारी कागद दडवायचं. शेवटी न्यायमूर्ती म्हणाले, आम्हीच वाचतो, कागद पाठवा, आणि तो तक्ताही मूळ फाईलमध्ये पाठवा.” मग म्हणाले, “त्या बसवाल्या बाईंशी बोललो मी. हिंदी बोलतात त्या, जरा वेगळी, पण समजते. त्यांनी फोन नंबरही दिलाय.”

दुसऱ्या दिवशी फाईल मीच पाठवली. शेऱ्याचा रकाना मी दिसेनासा करून ठेवला होता, पुसला नव्हता. एक्सेलमध्ये रकाना लपवला तर तो जात नाही. दोन क्लिक केले की परत समोर येतो. हे मला माहीत होतं, मी दुसऱ्यांना शिकवत असे. त्या दिवशी घाईत विसरले.

निकाल कुटुंबांच्या बाजूने लागला. खात्याचा निर्णय रद्द झाला, लोकांचं म्हणणं पुन्हा ऐका, असा आदेश निघाला. त्यात एक परिच्छेद माझा होता. नाव नव्हतं, ‘तक्ता तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने’ एवढंच. माझा शेरा शब्दशः दिला होता, आणि खाली म्हटलं होतं, की कारणाच्या रकान्यात एक आणि शेऱ्यात दुसरंच असेल, तर त्या जुन्या निकालाने दिलेली कागद वाचायची मुभा कोर्टाने वापरलीच पाहिजे.

नोकरी जाणार असं मला वाटलं. तसं झालं नाही. साहेबांची दुसरीकडे बदली झाली. आणि एक दिवस ऑफिसच्या किचनमध्ये एक सहकारीण जवळ आली, हळूच म्हणाली, “तू मुद्दाम ठेवलास ना तो रकाना? गुड ऑन यू.”

मी हसले.

घरी बाबांनी लायब्ररीतून निकाल छापून आणला होता. पेन्सिलीने खुणा करत डायनिंग टेबलावर वाचत बसले होते. मी सिंकपाशी भांडी घासत होते.

“हा तक्ता तुझा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि हा रकाना? तो तू राहू दिलास?”

माझी पाठ त्यांच्याकडे होती. “राहिला तो,” मी म्हटलं.

त्यांना तो विनय वाटला. तसा वाटावा अशाच आवाजात मी ते म्हटलं होतं. बाबा उठून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. असं ते करत नाहीत. मग त्यांनी माझ्या मुलीला सगळं समजावून सांगितलं, की वरिष्ठांनी दडवायला लावलं, पण तुझ्या आईने कोर्टाला दिसेल अशी सोय ठेवली. ती अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. “मम, दॅट्स सो ब्रेव्ह,” ती म्हणाली आणि मला मिठी मारली. माझे हात साबणाचे होते, ते मी बाजूला धरून उभी राहिले.

नंतर बाबांनी पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना एकेक करून फोन लावले, आणि त्या बाईंनाही. आठवड्याने पापाटोएटोहून एक पार्सल आलं. आंब्याचं लोणचं, आणि चिठ्ठी: ‘तुमच्या मुलीला.’ बाबा रोज जेवताना ती बरणी माझ्यापुढे सरकवायचे. मी वाढून घ्यायची आणि खायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. बाबा परत गेले, पुढच्या वर्षी पुन्हा आले. दरम्यान दुसऱ्याच एका खात्याविरुद्धचं अपील निघालं. त्यात कोर्टाने आधी तो जुना निकाल सांगितला, त्याच्या पाठोपाठ आमचा. मग आणखी एका अपिलात तेच. सगळ्या खात्यांतल्या माझ्यासारख्या लोकांना ट्रेनिंगला बोलावलं. पडद्यावर माझं वाक्य आलं, दोन फुटी अक्षरांत: ‘तारीख अडचणीची आहे. सल्ला म्हणून झाकता येईल.’

शिकवणारे म्हणाले, “आता कुठलाही वकील हे दाखवून म्हणेल, सरकारच्या कारणावर जाऊ नका, कागद मागवा.” आणि मग हसून, “ज्याने हे लिहिलं त्यानेच ते कोर्टाला दिसू दिलं असं ऐकतो. अशी माणसंही आपल्यात आहेत.” आमच्या खात्यातले चारपाच जण वळून माझ्याकडे बघायला लागले, आदराने. माझे कान तापले. त्यांना ते संकोचाचं लक्षण वाटलं असणार.

त्या रविवारी दुपारी मी बाबांसमोर बसले आणि सांगितलं.

“म्हणजे चुकून राहिला?” ते म्हणाले.

“हो. पुसायचा विसरले.”

“आठवण झाली असती तर?”

“पुसला असता.”

“नक्की?”

“नक्की, बाबा. आणि कुटुंबांचं म्हणणं खरं आहे हे मला तो कागद सापडला त्या दिवसापासून माहीत होतं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेआठ. फोन घेऊन ते बाहेरच्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं.

“मी मागे मुलीबद्दल जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं,” मला ऐकू आलं. “नाही, तिने मुद्दाम नव्हतं केलं. तो शेरा तिचाच होता. हो. दडवण्यासाठीच. तुम्हाला चुकीचं सांगितलं म्हणून फोन केला.” मग दुसरा फोन. मग तिसरा. प्रत्येकाला तेच शब्द, त्याच क्रमाने, एकही कमी-जास्त नाही. पलीकडून कुणी काही सावरून घ्यायला बघत असणार, कारण मध्येच ते म्हणत, “नाही, तसं नाही.” पाच फोन झाले. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. लेक आली, दाराशी थांबली, आजोबांचं ऐकलं, आणि आपल्या खोलीत गेली.

मग बाबा आत आले. त्या बाईंचा नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला. “इथे तू बोल.”

मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “मी त्या तिन्ही सभांना गेले होते. बोलायचं ते कागदावर लिहून, पाठ करून. तेव्हा तुला माहीत होतं?”

“नाही. तो कागद मला नंतर मिळाला.”

“कधी?”

मी महिना सांगितला. त्या मनात मोजत असाव्यात. “म्हणजे अपिलाच्या निकालाच्या चौदा महिने आधी.”

“हो.”

“सेंटर आता पुन्हा चालू झालंय, आठवड्यातले दोन दिवस,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, बसच्या वेळा सांगाव्यात तसा आवाज. “पण माझा नवरा आता केअर होममध्ये असतो. मला ओळखत नाही. त्या चौदा महिन्यांत ओळखायचा. रोज सकाळी बूट घालून दाराशी बसायचा, गाडी कधी येणार विचारायचा. मी सांगायचे, सेंटर बंद झालंय, सरकार म्हणतं, आपल्या सगळ्यांना विचारून बंद केलंय.”

मी माफी मागितली. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे भाताचा कुकर लागला होता म्हणून त्यांनी फोन ठेवला.