दादा पास झाले त्या सकाळी

नोकरी संपून वर्षं लोटली तरी बाईंच्या जिभेवरची शाळा काही सुटली नव्हती. वाचनालयामागच्या खोलीत दर महिन्याला म्हाताऱ्यांची साखर फुकट तपासली जाई. खुर्च्या मांडणं, रांग लावणं, सुईला भिणाऱ्यांचा हात धरणं, हे सगळं बाईंनी आपणहून अंगावर घेतलेलं. सिस्टर बोटातून थेंबभर रक्त काढून आकडा सांगायची. आकडा बरा असला की बाई खणखणीत आवाजात म्हणायच्या, "पास! वाजवा टाळ्या." वाढलेला असला की, "नापास. मागच्या बाकावर." मागच्या बाकावरच्यांना डॉक्टर आत बोलावत, मोजे काढायला लावून पाय तपासत.

त्या टाळ्यांसाठी म्हातारे यायला लागले. "जन्मात पहिल्यांदाच पास झालो हो बाई," म्हणत एक आजोबा तर लहान मुलासारखे नाचले होते.

बाईंचे थोरले भाऊ, दादा, वहिनी गेल्यापासून बाईंकडेच राहत. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, माणूस मानी. पण दर खेपेला मागचा बाक ठरलेला.

"मास्तरणीचा भाऊ आणि नापास!" त्यांचा जुना दोस्त, कोपऱ्यावरचा न्हावी, खिदळायचा. दादाही हसायचे, मात्र घरी परतताना त्याचं दुकान चुकवून लांबच्या रस्त्यानं यायचे.

त्यातच डॉक्टरांनी बजावलं होतं, "साखर अशीच राहिली आणि पायाला जखम झाली, तर पाय जाईल." आणि नव्या चपलेनं दादांचा अंगठा सोलवटला होता. दुखत नव्हता, म्हणून कुणाला सांगितला नाही. मग तो काळा पडू लागला, तेव्हा भीतीनं सांगितला नाही. तपासणी जवळ आली तसे दादा "भूक नाही गं" म्हणत भरल्या ताटावरून उठायला लागले. त्या सकाळी एका गोळीच्या जागी दोन घेतल्या. हे सगळं बाईंना फार उशिरा कळलं. त्यांनी पाहिले ते फक्त मोजे.

"इतक्या उकाड्यात मोजे कसले दादा?"

"म्हातारपणी पाय गार पडतात. तुलाही कळेल."

खोलीत सिस्टरनं आकडा सांगितला आणि बाईंचा आवाज आनंदानं चिरकला. "पास!" टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्यानं तर शिट्टीच मारली.

सिस्टर मात्र घुटमळली. "एकदम एवढी कशी उतरली? पाय बघून घेऊ या का?"

"पास झालेल्याची कसली फेरपरीक्षा, सिस्टर?" बाई हसून म्हणाल्या. दादा ताठ मानेनं, किंचित लंगडत बाहेर पडले.

पुढे घरात कसलासा वास येऊ लागला. बाईंनी उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवली, फरशी पुसली. शेवटी त्यांनी झोपलेल्या दादांचा मोजा ओढला, तर तो कातडीसकट निघाला.

"दादा, त्या दिवशी दाखवलं का नाही?"

दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "पास झाल्यावर कुणी विचारलंच नाही."

गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

पुढच्या तपासणीला निघताना बाईंनी दादांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. ते म्हणाले, "माझ्या वाटच्या टाळ्या तूच वाजव गं." कुजकटपणा नव्हता त्यात. तो असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

त्या दिवशी न्हाव्याचा आकडा चांगला आला. त्यानं सवयीनं बाईंकडे पाहिलं. रांगेतल्यांनी हात उचलले होते. बाई खुर्चीवरून उठल्या आणि गुडघे धरत त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मोजे काढा."

"अहो पण बाई, मी तर पास..."

"काढा."

न्हावी गुमान वाकला.