नळीतला कोरडा कागद

प्रणय गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे अकोल्यात नळ आले होते. उन्हाळ्यात नळ सोडून उठता येत नाही. फोन ठेवला, उरलेले ड्रम भरले, पितळी गुंड भरले, मोटार बंद केली आणि मग पायरीवर बसून रडले... आज महिना होत आला. कोण होता तुमचा, असं कुणी विचारलं तर वर्गमित्र, एवढंच म्हणते. जास्त सांगायचाही थकवा येतो.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी पाण्याखाली चालणारा रोबो करायचं खूळ त्याचंच. आम्ही चौघं त्याच्या मागे. आधी प्यायच्या पाण्याचं बघा, असं सर म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एप्रिलात रोबो बुडेल एवढं पाणी शोधायचं कुठे? शेवटी वरूडला त्याच्या मामांच्या शेडमधला संत्री धुवायचा हौद मिळाला. हे पाणी नंतर झाडांना जाणार आहे, तेल सांडू नका, एवढं मामांनी बजावलं.

रोबोची बॅटरी, सर्किट, कॅमेरा सगळं एका पारदर्शक नळीत. आत थेंब शिरला की खेळ खलास. म्हणून प्रणय आधी रिकाम्या नळीत वर्तमानपत्राची घडी घालायचा, टोकं बंद करून, दगड बांधून ती हौदात सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी कागद बघायचा. चेन्नईच्या स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी घडीचा एक कोपरा दमट निघाला. नखाएवढा. तिकिटं काढलेली, घरी सांगून झालेलं; आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. तो काठावर बसून कागद हातात फिरवत राहिला. "पाणी कोनाच्या बापाचं नाई आयकत," म्हणाला. "ओला म्हन्जे ओला." आम्ही गेलो नाही. पुढे महिनाभराने कागद कोरडा निघाला, रोबो हौदभर फिरला... टाळ्या वाजवायला फक्त मामा होते.

कॉलेज संपलं, आम्ही नोकऱ्यांना पांगलो. प्रणय मामांच्या शेडवर राहिला, पण रोबो त्याने सोडला नाही. विहिरीच्या गाळात मोटार अडकली की माणूस खाली उतरतो, ते त्याला थांबवायचं होतं. त्यासाठी नवी नळी केली होती. त्यातच ताप येऊ लागला. फोनवर मी दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणे, "जरासा ताप हाये, उतरून जाईन. तू कावून टेन्शन घेऊन राहिली?" डोळे पिवळे झाले होते, हे त्याने सांगितलंच नाही. कावीळ अंगावर काढली. कागदाचा दमट कोपरा ज्याला चालला नाही, त्याला हे कसं चाललं? मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि भांडायला तो नाही.

तेरवीला वरूडला गेले. नवी नळी, आत कागदाची घडी, हौदाच्या तळाशी दगडाला बांधलेली तशीच होती. त्यानं ठेवलेली आहे, मी हात लावला नाही, तूच ने, असं मामा म्हणाले.

ती आता आमच्या मोरीतल्या ड्रमात असते. नळ आले की ड्रम घासायला आई ती बाहेर काढते, पदराने पुसते, उजेडात धरून आत बघते आणि परत पाण्यात सोडते. आधी मला विचारायची, ठेवू का काढू. काल मी मोरीत गेले तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कोरडाच हाये, बाई."