बॅटरीच्या डब्यातलं पाणी

देवगाव फाट्यावर आई जांब विकते, म्हणजे पेरू. स्पीडब्रेकरला खेटून बसायची अक्कल माझीच. गाड्या तिथं हळू होतात, काचा खाली येतात, गिऱ्हाईक मिळतं. फळांवर शिंपडायला ती पाण्याची बादली ठेवायची, पण ट्रकच्या वाऱ्यानं बादली रोज कलंडायची. म्हणून शेजारच्या बॅटरीवाल्याकडून मी ट्रकच्या जुन्या बॅटरीचा रिकामा डबा मागून आणला. चांगला जाडजूड, जागचा हलेना. राखेनं तीनदा घासला आणि स्वतःवरच खूश झालो.

दोन वर्षं आईनं त्याच पाण्यात हात बुडवले आणि त्याच हातांनी तिथंच बसून भाकरी खाल्ली. मग तिचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, चूर्ण झालं. एक दिवस तराजू धरलेला उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला, तो वर उचलेना.

परभणीच्या डॉक्टरांनी रक्त काढून तपासायला बाहेरगावी पाठवलं. रक्तात शिसं निघालं. "बॅटरीचं काम करता का?" त्यांनी विचारलं. आई हसली. "न्हाई ओ, जांब इकते." मला मात्र तो डबा आठवला. डब्याचं सांगितलं तसं डॉक्टरांनी समजावलं, बॅटरीतलं शिसं डब्याला चिकटून राहतं, घासून जात नाही. मग म्हणाले, डबा आजच काढा, आणि रस्त्याची धूळही चांगली नाही, त्यांना तिथून उठवा.

डबा काढला. आईला मागं लिंबाखाली बसवलं. तीन दिवसांत एक गाडी तिकडं वळली नाही, पेरू मऊ पडले. चौथ्या दिवशी ती पुन्हा स्पीडब्रेकरपाशी. मी चिडलो तर म्हणाली, "तिकडं कोन थांबायलंय? आन् तू काय मुद्दाम आणला व्हता का डबा?" तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तोंडाला बांधायला मी तिला मोठा रुमाल आणून दिला. परवा सेलूच्या बसमधून उतरलो तर समोरून ट्रक येत होता. आईनं डाव्या हातानं घाईघाईनं तोंडावरचा रुमाल सोडला आणि पेरूंवर पसरला.

"धुळीचे जांब कोन घील?" मला पाहून ती म्हणाली. ट्रक गेला. ती धुळीत खोकत होती आणि मी रस्त्याच्या अलीकडं नुसता उभा होतो.