दगाभाऊंनी कधी न काढलेलं आभाळ

सकाळी आठला जळगावच्या बसस्थानकावर नाना उतरले तेव्हा त्यांच्या हातात केळ्यांची फणी होती. फैजपूरचा माणूस कुठेही निघाला तरी केळी घेऊनच निघतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवल त्यांच्या प्रश्नाचं वाटलं. आपण आज जे घ्यायला चाललोय त्याला खायला काय लागतं, असं त्यांनी विचारलं. बॅटरी लागते, मी सांगितलं. म्हणजे वैरणीचा त्रास नाही, म्हणून ते समाधानानं धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले.

नाना माझे सख्खे मामा. तरुणपणी बैल पारखण्यात त्यांचं नाव होतं. आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला जाताना त्यांना हाताला धरून न्यायची. आता शिवारात ट्रॅक्टर आले आणि नानांची नजर बिनकामाची झाली. डीएसएलआर, म्हणजे ज्याची लेन्स बदलता येते असा मोठा कॅमेरा, त्यांनी आयुष्यात हातात धरलेला नव्हता. तरीही माझ्या घरच्यांनी त्यांना माझ्यासोबत पाठवलं, कारण मला एकटीला पाठवायची कोणाची छाती नव्हती.

त्याचं कारण सांगायलाच हवं. मी जळगावातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, पिंप्राळ्यात राहते, आणि पन्नाशीत मला पक्ष्यांचे फोटो काढायचं खूळ लागलं. मोबाइलमध्ये बगळा काढला की तांदळाच्या दाण्याएवढा येतो. म्हणून गेल्या वर्षी जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर मी कॅमेरा शोधला. विकणारा स्वतःला फौजी म्हणवत होता. बदली झालीय, घाईत विकतोय, कॅमेरा अगदी नवा आहे, एकही दोष नाही, असं तो आठ दिवस गोड आवाजात सांगत राहिला. मी आगाऊ रक्कम पाठवली, मग कुरिअरची पाठवली. कॅमेरा आला नाही, फोन बंद झाला, आणि तो फौजीही नव्हता हे पोलिसांनी मला फार सौम्यपणे समजावून सांगितलं.

घरात त्याची पुढे चेष्टाच झाली. मी वांगी घेताना लेक मागून हळूच विचारायची, "आई, हा फौजी तर नाही ना?" मीही हसायचे. पण खरं सांगते, मी आतून खचले होते. पैसे गेले त्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. तो आवाज मला आवडला होता, मी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, हे मात्र जाता जाईना. त्यानंतर मी साधी चप्पलसुद्धा नवऱ्याला विचारून घेत असे. आज पुन्हा फसले असते तर कुठलीच गोष्ट स्वतःच्या मनानं निवडायला मी धजले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर यंदा कानाला खडा लावून निघाले होते. ग्रंथालयाच्या एका कार्डावर मी यादी लिहिली होती: वस्तू हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, मूळ बिल पाहायचं, बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा क्रमांक जुळवायचा, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहायची, आजवर किती फोटो काढलेत तो आकडा विचारायचा. एरंडोल येईपर्यंत मी ती नानांना वाचून दाखवली. किती फोटो काढलेत ते कशाला, असं त्यांनी विचारलं. आतला पडदा ठरावीक वेळा उघडमीट झाला की थकतो, मी म्हटलं. म्हणजे बैलाचं वय काढायला दात मोजायचे तसं, नाना म्हणाले आणि पारोळ्यापर्यंत झोपले.

धुळ्यात उतरल्यावर बसस्थानकाबाहेर एका बाईंकडे आम्ही कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा खाल्ला. ठेचा असा की नानांनी टोपी काढून ठेवली. मग जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेलो. काचेच्या कपाटात कॅमेरे ओळीनं चकचकत होते. दुकानदार फारच अगत्यशील, बसायला खुर्ची, वर पंखा. त्यानं एक कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि मी पर्समधून टॉर्च काढणार इतक्यात नानांनी तोंड उघडलं.

"याची खोड काय हाये?"

खोड म्हणजे बैलाचा अवगुण. कोणी मारका असतो, कोणी ऐन नांगरात बसकण मारतो, कोणाला पाणी दिसलं की बुजायची सवय. दुकानदार हसला. काका, काहीच नाही, एकदम ओके आहे, हिरा आहे हिरा, असं म्हणाला. नाना उठले, पायांत चपला सरकवल्या आणि सरळ रस्त्यावर गेले. मी टॉर्च हातात घेऊन तशीच. शेवटी कसंबसं हसून दुकानदाराचे आभार मानले आणि त्यांच्यामागे धावले.

दुसरा कॅमेरा साक्रीला होता, तिकडच्या बसमध्ये आमचं चांगलंच वाजलं. अहो, निदान बघू तरी द्यायचं होतं, मी म्हटलं. ज्याला खोड नाही असं जनावर अजून जन्माला यायचंय, नाना म्हणाले. जो सांगत नाही त्याच्या दावणीपाशी थांबायचं नाही. नाना, ते यंत्र आहे, मी म्हटलं. मग तर जास्तच, ते म्हणाले आणि मला एक केळ सोलून दिलं. तो कॅमेरा कदाचित खरोखर हिरा असेलही. आम्हाला ते कधीच कळणार नाही. कुसुंबा गेलं, नेर गेलं, कापसाची शेतं मागे पडून पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ दिसू लागली, तरी मी फुगूनच बसले होते.

साक्रीला ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांचा पत्ता आमच्या शाळेतल्या तिकडच्या एका बाईंनी दिला होता. लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ, आता नवा कॅमेरा घेतला म्हणून जुना विकताहेत. अडचण एकच होती, त्यांच्या नावाची. त्यांचं नाव दगा. खान्देशात मूल जगावं म्हणून मुद्दाम असं ओबडधोबड नाव ठेवायची जुनी चाल आहे, आणि दगा नावाचे सज्जन आमच्याकडे गावोगाव भेटतात. पण एकदा फसलेल्या बाईनं ‘दगा फोटो स्टुडिओ’ अशी पाटी वाचून आत पाऊल टाकायचं म्हणजे जिवावर येतं.

दगाभाऊ चाळिशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं फडकं. त्यांनी पाणी दिलं, कॅमेरा टेबलावर ठेवला, शेजारी मूळ बिलही ठेवलं. क्रमांक जुळला. टॉर्च मारला, काच स्वच्छ. मी कार्डावर खुणा करत होते. नानांनी मला संपूर्ण यादी उरकू दिली, हा त्यांचा मोठेपणा. मग त्यांनी आपला प्रश्न विचारला.

दगाभाऊंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या वडिलांच्या दावणीलाही बैल होते, हे मागाहून कळलं.

"शेतस ना, आबा. दोन शेतस," (आहेत ना, दोन आहेत) ते म्हणाले.

एक, वरचा फ्लॅश उघडत नाही. दोन, कॅमेरा खूप राबलाय. त्यांनी लॅपटॉपला जोडून आतला आकडाच दाखवला आणि माझा चेहरा पडला. इतकी लग्नं लागली तरी खान्देशात कोणी अविवाहित उरलं कसं, असं मनात आलं. पडदा अजून बराच चालेल, पण कधीतरी बदलावा लागेल, हे त्यांनी आपणहून सांगितलं. नाना मात्र खुशीत आले होते. चहा मागवला गेला. दगाभाऊ अहिराणीत बोलायचे, नाना फैजपूरकडच्या बोलीत, आणि मधे मी शाळेतलं मराठी घेऊन बसलेली. त्या दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं.

मग दगाभाऊंनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. आज बाजार आहे, फिरून या, जुंपून बघा आणि मग काय ते सांगा, म्हणाले. आम्ही बाहेर पडलो. दोन गल्ल्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की या माणसानं माझा फोन नंबर घेतलेला नाही. माझं पूर्ण नावही त्याला माहीत नाही. त्याचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि समोर जळगावची बस उभी होती. वर्षभर मी जगाला घाबरून वागत होते, आणि इथे एकानं काही न विचारताच मला खरं माणूस धरलं होतं. मला एकदम भरून आलं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, ठेच्याचा परिणाम.

बाजारात मी मनसोक्त फोटो काढले. मिरच्यांचे ढीग, डोंगराकडून आलेल्या बायकांच्या टोपल्यांतल्या रानभाज्या, नानांचा एका शेळीशी चाललेला संवाद. एका आजींनी फोटो काढू दिला, मग कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहून स्वतःला ओळखायला साफ नकार दिला. शेवटी मी आभाळात फिरणारी घार टिपली. घार थोडी हलली होती, पण मोठी दिसत होती, तांदळाचा दाणा नव्हे. मग तो फोटो मोठा करून पाहिला. निळ्या आभाळात काळपट ठिपके होते. दुसरा काढला. तेच ठिपके, त्याच जागी. तिसऱ्यातही तेच.

ही तिसरी खोड होती, आणि ती मला सांगितलेली नव्हती.

आम्ही स्टुडिओकडे परत निघालो. झालं, पुन्हा तेच, माझ्या कानांना गोड बोलणारा प्रत्येक जण खराच वाटतो, असं स्वतःला बोलत चालले होते. नानांनी यावेळी केळही सोलून दिलं नाही. ते मला अधिक लागलं.

दगाभाऊंना मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. त्यांचे कान लाल झाले. आतल्या सेन्सरवर, म्हणजे जिथे चित्र उमटतं त्या भागावर, धूळ बसली होती. ती एरवी दिसत नाही. लेन्सचं तोंड अगदी बारीक करून उजळ, मोकळी जागा टिपली तरच दिसते.

"ताई, मी आभाळ कधी काढलंच नाही," ते हळू म्हणाले. "मांडवात आभाळ कोण काढतं?"

इतकी वर्षं नवरा, नवरी, हळद, पंगत, वरमायांच्या ओळी. हॉलचे दिवे, लेन्सचं तोंड सताड उघडं. हे खरंच होतं. आणि त्यापुढे ते जे म्हणाले त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. म्हणाले, हा कॅमेरा मी आता तुम्हाला देत नाही. खोड न सांगता जनावर विकलं असं होईल. त्यांनी तो चक्क आपल्याकडे ओढून घेतला.

मी नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे बैल पारखलेला हा माणूस, आणि ऐन वेळी मला एक शब्द देईना. ठरवायचं मलाच होतं.

"दगाभाऊ, कॅमेरा द्या," मी म्हटलं. "मला आभाळच काढायचंय. तीन खोडींसकट घेते."

त्यांनी आधी हवा मारायच्या रबरी फुग्यानं आतली धूळ उडवली, दारात जाऊन आभाळाचा फोटो काढला, परत उडवली, परत काढला. एक ठिपका तेवढा हटेना. तो धुळ्याला साफ करून मिळेल, म्हणाले, आणि त्याबद्दल किमतीत आपणच कमी केलं. पावतीवर क्रमांक लिहिला, खाली तिन्ही खोडी लिहून सही केली. मग कॅमेऱ्याचा घासून पांढरा पडलेला पट्टा सोडवला आणि स्वतःच्या हाताला गुंडाळून घेतला. मी काही विचारायच्या आत नानांनी मला डोळ्यांनी थांबवलं. बैल दिला तरी त्याचं दावं देत नाहीत. दगाभाऊ आमच्याकडे पाठ करून लॅपटॉप आवरत बसले होते, आणि बराच वेळ आवरत होते.

परतीच्या बसमध्ये कॅमेरा मांडीवर धरून बसले. पट्टा नाही म्हणून नानांनी दर वळणाला त्यावर हात ठेवला. पारोळा गेलं, ऊन कलतं झालं, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. गेल्या वर्षापासून अनोळखी नंबर दिसला की मी उचलतच नाही. नानांनी कोपरानं ढोसलं म्हणून उचलला.

दगाभाऊ होते. पावतीवर मी माझा नंबर लिहून आले होते, त्यावरून त्यांनी फोन लावला होता. आम्ही गेल्यावर त्यांनी नवा कॅमेरा काढला आणि गच्चीवर जाऊन त्यानंही आभाळ टिपलं. त्यातही दोन ठिपके निघाले. एवढंच सांगायचं होतं, म्हणाले. मग संकोचून म्हणाले, की इथलं आभाळ संध्याकाळचं बरं दिसतं, इतक्या वर्षांत लक्षच गेलं नव्हतं.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. नाना केळ सोलायला लागले. त्यांना मी कसं सांगणार, की त्या ठगाशी आठ दिवस बोलल्यापासून मी माझे कान बाद धरले होते. ते बाद नव्हते. एक माणूस खोटा निघाला होता, एवढंच झालं होतं.

जळगाव बसस्थानकावर नवरा स्कूटर घेऊन उभा होता. कॅमेरा हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला. बटणं दाबली, फ्लॅश उघडेना. मग माझ्याकडे अशा काळजीनं बघितलं की मला हसूच फुटलं. नीट चौकशी करून घेतलास ना, त्यानं विचारलं. मी पर्समधली पावती काढून त्याच्या हातात दिली. खांबावरच्या दिव्याखाली त्यानं ती वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, आणि म्हणाला, "अगं, यानं तर सगळं लिहूनच दिलंय."

"हो," मी म्हटलं. "आणि उद्या मी एकटी जाऊन पट्टा आणणार आहे."