हनुवटी खाली

"काका, फळं घेताय की दाढी करताय त्यांची?" फळवाला शेवटी वैतागलाच.

कुलूपकाकांनी आणखी एक नासपती उचलली, देठाजवळ अंगठ्याने हळूच दाबली आणि परत ठेवली. मग दुसरी. नासपती पिकली की नाही हे देठापाशी बघायचं, पोटावर नाही, पोट मऊ लागलं म्हणजे आतून केव्हाच सडलेली असते, हे त्यांना बायकोमुळे पाठ झालं होतं. ती हे वाक्य दर खेपेला याच फळवाल्याला ऐकवायची, आणि काका मागे पिशवी धरून उभे असायचे. आज पिशवी पण त्यांच्याच हातात आणि दाबणारा अंगठाही त्यांचाच. आणि अंगठा चुकला तर बायकोच्या पोटाला भोक पडणार होतं.

अहो, खरंच सांगते, शब्दशः भोक.

कुलूपकाका न्हावी. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं दुकान. न्हावी म्हटलं की जगाच्या गप्पा, पण या माणसाच्या तोंडातून दिवसभरात "या", "बसा", "मान डावीकडे" आणि "झालं" याच्या पलीकडे काही निघायचं नाही. म्हणून गिऱ्हाइकांनी नाव ठेवलं कुलूप. गंमत म्हणजे गिऱ्हाइकं त्याचसाठी यायची. डोळे मिटून अर्धा तास कुणी काही विचारत नाही, याचं सुख काय असतं ते दमलेल्या माणसालाच विचारा!

आणि बायको? ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत. गाडी कुठली, किती वाजता, कुठे थांबते हे तर सांगायचीच, वर "एवढ्या उन्हात जाऊ नका, संध्याकाळची घ्या" हेही सांगायची. लोक म्हणायचे, त्या घरात दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलते.

मग झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, आणि ज्याचा कुणी विचारही करत नाही ते गेलं, गिळणं. आपण गिळतो हे कुणाच्या ध्यानात तरी असतं का? तिला घोटभर पाणी दिलं तर ते अन्ननलिका सोडून श्वासनळीत जायचं. म्हणून नाकातून नळी आणि नळीतून पातळ पेज. हॉस्पिटलातून घरी आली ती नळीसकटच. पण नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, गुरुवारपर्यंत तोंडाने गिळायला लागल्या तर ठीक, नाहीतर शुक्रवारी पोटाला भोक पाडून तिथून नळी घालायची. बायकोने डाव्या, चांगल्या हाताने डॉक्टरांचा हात असा काही झटकला की त्यांचं पेन उडालं.

आज गुरुवार होता.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाई चारला येणार होत्या. घरात त्यांना सगळे 'गिळण्याच्या बाई'च म्हणायचे. मागच्या वेळी त्यांनी विकतचा गोड लगदा आणला होता. बायकोने तो तोंडात धरून ठेवला आणि मग शांतपणे हनुवटीवरून बाहेर सोडून दिला. तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, यांच्या आवडीचं काहीतरी करा. पण घट्ट. पाण्यासारखं पातळ यांचा शत्रू. चमचा तिरका केला की गोळा पडला पाहिजे, धार नाही. बसून भरवा, हनुवटी खाली ठेवा, घाई नको. कळलं?" काकांनी मान डोलावली. काका सगळ्यालाच मान डोलावतात.

तर आवडीचं म्हणजे शिजवलेली नासपती. बायको ती दरवर्षी करायची. फळं सोलून, फोडी करून, थोडी साखर, दालचिनीचा एक तुकडा, लिंबाची साल, आणि मंद गॅस. बस, एवढंच. एवढंच म्हणायला सोपं! काकांनी आयुष्यात चहाखेरीज गॅसवर काही चढवलं नव्हतं.

बायको चाकाच्या खुर्चीत, ओट्याशेजारी. डाव्या हातात स्टीलचा चमचा. खुर्चीच्या हातावर एकदा टक म्हणजे हो, टक टक म्हणजे नाही. लेक सकाळीच आली होती, कुरियरच्या ऑफिसातून सुट्टी टाकून, आणि आल्यापासून तिचा आवाज चढलेला.

"बाबा, अजून सांगते, तयार डबा आणते. त्यावर लिहिलेलं असतं किती घट्ट ते. हा प्रयोग करायचा दिवस आहे का आज?"

टक टक.

"बघ, आई नको म्हणतेय," काका म्हणाले.

"आई सगळ्यालाच नको म्हणते!"

टक.

लेकीला हसूही आलं आणि रडूही आलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

सोलण्यात काकांना तोड नव्हती. हातात छोटी सुरी, आणि साल अशी निघत होती की गराला ओरखडा नाही. मधला कडक भाग काढला. पातेल्यात फोडी, साखर, दालचिनी. मग त्यांनी कपभर पाणी ओतलं, कारण बायको ओतायची. टक टक! काकांना वाटलं साखरेबद्दल आहे. त्यांनी अर्धा चमचा काढून घेतली. टक टक! "बरं, लिंबाची साल नको?" टक टक टक टक! बायकोने डोळे मिटून घेतले, असे की खिडकीपुढची रांग आवरेना तेव्हा मिटायची तसे.

थोड्या वेळाने काकांनी झाकण काढलं तर आत पाणीच पाणी. बायको शिजवायला थोडी करकरीत फळं घ्यायची, म्हणून तिला पाणी लागायचं. यांनी आणलेली चांगली पिकलेली. त्या फळांनी स्वतःचंच पाणी सोडलेलं. फोडी चक्क पोहत होत्या! चमचा तिरका केला तर धार. नुसती धार.

"झालं?" लेक म्हणाली. "साडेतीन वाजलेत बाबा. मी जाते दुकानात."

"थांब."

काकांनी 'थांब' म्हटलं म्हणून ती थांबली, कारण ते असं कधी म्हणत नसत. त्यांनी झाऱ्याने फोडी उपसून चाळणीत घेतल्या आणि वाटीच्या बुडाने घासायला लागले. नासपतीच्या गरात वाळूसारखे बारीक कण असतात, आपल्याला खाताना मजा वाटते, पण तिच्या घशात एक कण अडकला तर संपलंच. घासघासून मनगट भरून आलं. इकडे पातेल्यातलं पाणी मोठ्या गॅसवर आटत होतं. मग गर परत त्यात. आता ते फटफट उडायला लागलं, हातावर चटके बसले, काका ढवळताहेत, घड्याळ बघताहेत, ढवळताहेत...

टक टक टक! नळीवाल्या नाकाने बायकोला वास आला होता. बुडाला लागत होतं! काकांनी फडक्याशिवाय, उघड्या हातांनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. वरवरचा गर भराभर दुसऱ्या भांड्यात काढला. चव घेतली. जळका वास नाही. बशीवर चमचा तिरका केला.

क्षणभर काहीच पडलं नाही. मग थप्पकन गोळा.

आणि बेल वाजली.

गिळण्याच्या बाई आल्या, हात धुतले, त्यांनीही चमचा तिरका करून बघितला. "वा," म्हणाल्या, "जमलंय की!" गर वाटीत काढून गार होऊ दिला. मग काकांना चमचा दिला. "रोज भरवणार तुम्ही, तर आजही तुम्हीच भरवा. मी गळ्यावर हात ठेवते. प्रत्येक घासानंतर काकू 'आ' म्हणतील. आवाज स्वच्छ आला तर घास खाली गेला. घोगरा, ओला आला तर चुकीच्या वाटेला गेला. काय?"

काकांनी मान डोलावली.

चमच्याच्या टोकावर अगदी थोडा गर घेतला आणि ते बायकोच्या समोर उभे राहिले. तिने तोंड उघडलं. आणि काकांचा डावा हात गेला. त्यांनी नेला नाही हो, तो गेला! दोन बोटं हनुवटीखाली, आणि अलगद वर. उभी हयात ज्या हाताने लोकांच्या हनुवट्या वर केल्या, तो हात समोर तोंड दिसलं की दुसरं काय करणार?

"काका, हनुवटी—"

पण घास आत गेला होता.

आधी काहीच झालं नाही. मग खोकला. असा खोकला की खुर्ची हलली. चेहरा लालभडक, डोळे बाहेर, डावा हात हवेत काहीतरी पकडायला बघतोय. बाईंनी तिला पुढे वाकवलं. "खोका, काकू, जोरात, अजून!" लेक ओरडली, "बंद करा! बंद करा हे!" आणि काका चमचा हातात धरून भिंतीला टेकले, त्यांना वाटलं, मारली मी. माझ्या हाताने मारली.

हळूहळू खोकला उतरला.

"आ म्हणा, काकू."

"आ..." भांड्यात पाणी खदखदावं तसा आवाज. पुन्हा खोकला. पुन्हा "आ". या वेळी जरा बरा.

बाईंनी रुमालाने तिचं तोंड पुसलं. "आज थांबूया का?"

"थांबूया," लेक म्हणाली.

टक टक.

"आई, पुरे! उद्या त्या नळीने निदान जिवंत तरी राहशील!"

टक टक. टक टक.

"चूक माझी," काका म्हणाले.

सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"तिची नाही. तिने बरोबर केलं होतं. माझा हात... मी मान वर केली तिची. दाढीला करतो तशी. तिला एकदा नीट मिळू दे, मग म्हणा नाही जमत. मी चुकलो तर भोक तिला का?" एवढं बोलून त्यांना धाप लागली.

बाईंनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकला, पाठीकडून ऐकला. "एकदाच," म्हणाल्या. "खोकला आला तर पुढचं मी ठरवणार, तुम्ही कुणी नाही. आणि काका, बसून भरवा म्हणून मी मागच्या वेळीच सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

"बाबांचं कुलूप दोन्ही बाजूंनी लागतं," लेक डोळे पुसत म्हणाली. "बाहेर काही येत नाही, आतही काही जात नाही."

काकांनी डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या पट्ट्यात खुपसला. पण बायको त्यांच्याकडे बघत होती ते वरच! अर्थात, उभ्या माणसाकडे बघायचं तर मान वर होणारच. हात बांधून काय उपयोग? त्यांनी स्टूल ओढलं, बसले, तरी डोळे जेमतेम तिच्या डोळ्यांसमोर. मग स्टूल सरकवलं आणि सरळ फरशीवर बसले, मांडी घालून, तिच्या पायांशी. चमचा वर धरला. बायकोला त्यांच्याकडे बघायला मान खाली घालावी लागली. हनुवटी आपोआप छातीशी.

"असंच," बाई हळूच म्हणाल्या. "असंच राहू दे."

घास तोंडात गेला. ओठ मिटले. ती चव घेत होती, हे दिसत होतं, डाव्या गालाचा खळगा हलत होता. पण गिळेना.

काका तिच्या गळ्याकडे बघत राहिले. गळे त्यांनी आयुष्यभर बघितलेत. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला घोट आला तर कापतं, म्हणून घोट यायच्या आधीच ओळखायचा असतो, हनुवटीखालची कातडी किंचित ताठते. ती ताठली की काका हात उचलायचे. आज पहिल्यांदाच ते ती कातडी ताठण्याची वाट बघत होते. ताठेना. लेकीने ओढणी तोंडात कोंबली. बाईंची बोटं गळ्यावर स्थिर.

"घाई नको," बाई म्हणाल्या. "गिळायचंय हे आधी डोक्यात आणा, मग गिळा."

किंचित काहीतरी ताठलं. सुटलं. परत ताठलं. आणि मग गळ्यातला उंचवटा वर गेला, क्षणभर तिथेच थांबला, आणि खाली आला.



"आ म्हणा."

"आ."

कोरडा. स्वच्छ. बसस्टँडच्या खिडकीतून पार शेवटच्या फलाटापर्यंत जायचा तोच आवाज, फक्त एका अक्षराचा.

दुसरा घास. "आ." तिसरा. "आ." चौथ्याला बाईंनी गळ्यावरून हात काढला आणि नुसत्या बघत राहिल्या.

"पोटाची नळी नको," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांना कळवते. नाकातली अजून थोडे दिवस राहील, खाणं वाढेल तशी काढू. पाणी मात्र अजिबात नाही, कितीही मागितलं तरी. हेच, असंच घट्ट, असंच बसून. काका, ऐकताय ना?"

"पाणी नाही. घट्ट. बसून. हनुवटी खाली," काका म्हणाले. मोठ्याने. एकेक शब्द.

वाटीत एक घास उरला होता. बायकोने चमच्याने वाटीकडे टक केलं. काकांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी हो म्हटलं, आणि घास तोंडात गेला. एवढ्यात काका उठायला गेले. पाय बधिर झालेले! एक गुडघा उचलला तर दुसरा दुमडला, हात टेकायला गेले ते स्टुलावर, स्टूल गेलं घरंगळत, आणि काका बदकन परत फरशीवर. बायकोच्या डाव्या गालाला वळी पडली.

"काकू, हसू नका! तोंडात घास आहे!" बाई ओरडल्या.

"आई, माझ्याकडे बघ, बाबांकडे बघू नकोस!"

काकांनी पटकन मान खाली घातली, चेहरा दोन्ही हातांत लपवला, तिला दिसूच नये म्हणून. तसेच बसून राहिले फरशीवर, दगडासारखे. वर काहीच आवाज नाही. खोकला नाही, श्वास नाही, चमचा नाही.

मग वरून हसणं आलं. वाकडं होतं, एकाच बाजूने निघालेलं. पण पूर्ण कोरडं होतं.