पर्पेतुआची काळी पिटो

घानातल्या जिरापाजवळच्या एका वस्तीत पर्पेतुआच्या पिटोला तोड नव्हती. लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं ती ज्वारीची ही बीअर घरीच करायची. नवरा वारला, तरी तिची चूल विझली नाही. पण त्याच्या शेवटच्या विधीला चार दिवस उरले असताना अवेळी सर आली आणि छतावर वाळत घातलेली मोडाची ज्वारी अर्धी भिजली.

नव्याने मोड काढायला आठवडा लागला असता. आणि पिटोशिवाय माणसाला निरोप कसला द्यायचा? ओल्या ज्वारीला वास सुटायच्या आत पर्पेतुआने ती कढईत घालून काळपट होईस्तोवर भाजली, कोरडीत मिसळून दळली. पीठ पाण्यात कालवून भेंडीच्या देठांच्या चिकट पाण्याने नेहमीसारखं निवळलं, वरचं पाणी उकळलं, गार करून खमीर टाकलं.

विधीच्या सकाळी मडक्यावर फेस चढलेला पाहून तिला हायसं वाटलं. पण खालची पिटो काळीकुट्ट!

नणंद सॅबिना डोकावली. "वहिनी, ही पिटो की ट्रकचं ऑइल? माझ्या भावाला हे पाजून पाठवणार?"

"दुसरं काही नाही माझ्याकडे," पर्पेतुआ म्हणाली.

पहिला तुंबा मिळाला म्हाताऱ्या तेंगानला. विधीला लाकडी पट्ट्यांचा बालाफोन वाजवण्याचा मान त्याचा, आणि जीभही भारी चिकित्सक. त्याने पितरांसाठी जमिनीवर चार थेंब सांडले, घोट घेतला, डोळे मिटले.

"पोरी, यात काय घातलंस?"

"भाजलीय थोडी, बाबा. भिजली होती म्हणून..."

"मग दर वेळी भिजव!" त्याने तुंबा रिकामा करून पुढे केला. "आणि माझ्या म्हातारीला निरोप धाडा, जेवायला मी येत नाही म्हणून."

अंगण हसलं. पर्पेतुआ तिथेच मडक्याला टेकून बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने मोकळा श्वास घेतला. सॅबिनाने मुकाट्याने तुंबा भरून तिच्या हातात दिला.

पुढे पर्पेतुआने मुद्दाम भाजून पाहिलं. दोनदा कडू झाली, ओतून द्यावी लागली. शेवटी चार टोपल्या कोरड्या आणि एक भाजलेली, हे प्रमाण बसलं. आता बाजाराच्या दिवशी लोक नुसतं "काळी आहे का?" एवढंच विचारतात.