लुगडे नेसलेली कुऱ्हाड

हदगाव तालुक्यातल्या एका गावी गुणाबाई नावाची माउली राहते. वय बासष्ट, शाळा चौथीपर्यंत, आणि आवाज असा की ओवी धरली तर शेजारणीच्या हातातले काम थांबावे. कीर्तनासाठी मी त्या गावी वर्षानुवर्षे जातो, देवळात उभा राहून भक्तीवर, धीरावर पुष्कळ बोलतो. पण धीर कसा द्यावा, हे मी त्या माउलीच्या अंगणात शिकलो.

तिच्या घरी सरदार नावाचा कुत्रा आहे. रंगाने करडा, छातीने रुंद. सोयाबीनमध्ये रानडुकरांचा कळप शिरला तर हा एकटा आडवा जातो. असा हा शूर. पण आभाळ गडगडले की त्याचे पाय लटपटत, तोंडाला फेस येई, आणि वाट दिसेल तिकडे तो धावत सुटे. मागच्या चैत्रात साखळी तोडून पळाला, तो तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी लंगडत सापडला.

गुणाबाईचे यजमान अमृतराव त्या दिवशी चिडून म्हणाले, "पुन्हा पळाला की मुरुडला मेव्हण्याकडं धाडतो. राहू दे तिथं दुकानापुढं बांधलेला."

गुणाबाई लंगड्या पायाला हळद लावत राहिली.

मग पौषात एक गोष्ट घडली. निरभ्र आभाळ, कोवळे ऊन. अमृतरावांनी खांद्यावरची पहार दगडी पायरीवर टाकली. खणकन् आवाज झाला, आणि ओसरीत पहुडलेला सरदार बाजेखाली जाऊन थरथरू लागला. गुणाबाईने वर पाहिले, ढगाचा ठिपका नाही. मग पहारीकडे पाहिले, आणि तिच्या काळजात लख्ख उजेड पडला.

त्या भागात रीत आहे. वादळ आले की गारा थांबाव्यात म्हणून अंगणात कुऱ्हाड फेकायची. चाळीस वर्षे गुणाबाई स्वतः फेकत आली होती. वर गडगडाट, खाली फरशीवर लोखंडाचा खणखणाट! लहानपणापासून त्या जिवाने दोन्ही आवाज एकत्रच ऐकलेले. ज्या हाताने भाकरी दिली, त्याच हाताने भय दिले होते. तिचे डोळे भरून आले. पण रडत बसणारी ती नव्हे.

दुसऱ्या सकाळपासून तिचे व्रत सुरू झाले. कुऱ्हाडीला जुन्या लुगड्याच्या सात घड्या गुंडाळायच्या, पळीने हलकेच ठोकायचे, आणि आवाजासरशी सरदारला भाकरीचा तुकडा द्यायचा. तो निवांत खाऊ लागला की एक घडी कमी. त्याने तोंड फिरवले की एक घडी पुन्हा वाढवायची. रागावणे नाही, ओढणे नाही, घाई नाही. रोज सकाळ, रोज संध्याकाळ. जप याहून वेगळा काय असतो?

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारीण नीलाबाई हे रोज पाहत. एकदा राहवले नाही. "काय वो गुणाबाई, कुऱ्हाडीला लुगडं नेसवलं, चोळी कवा शिवता?"

"शिवते की! माप घ्यायला तुम्हीच या."

अमृतरावांची काळजी निराळी होती. "कुऱ्हाड फेकायची न्हाई म्हणतीस, अन् गारा पडल्या तर?"

"ठेवते की अंगणात, फकस्त आदळत न्हाई. देवाला लोखंड दिसलं म्हंजे झालं. त्याला काय कमी ऐकू येतंय का, आपटून सांगायला?"

अमृतरावांनी मात्र सरदारची साखळी खुंटीवर तयारच ठेवली.

चैत्र आला, तोवर कुऱ्हाडीवरची शेवटची घडीही उतरली होती. एका दुपारी अमृतरावांच्या मोबाईलवर विजांचा इशारा आला, आणि पश्चिम काळी झाली. गुणाबाईने कुऱ्हाड दोन्ही हातांनी नेली, अंगणातल्या दुमडलेल्या पोत्यावर निजवली. मग आतल्या खोलीत खिडकी लावून, तुरीच्या पोत्यांच्या आडोशाला सरदारशेजारी ती बसली. एक हात त्याच्या छातीवर, दुसऱ्या मुठीत भाकरी. ओठांवर हळू ओवी. साखळी हाती घेऊन अमृतराव दारात उभे राहिले.

वीज कडाडली. सरदार थरथरला. हात छातीवर तसाच. ओवी चालू. दुसरी वीज, तिसरी. थरथर होती, पण तो बसून होता.

इतक्यात पलीकडच्या अंगणात खणकन् झाले. नीलाबाईंनी जन्माच्या सवयीने कुऱ्हाड फेकली होती!

सरदार ताडकन उठला. कान ताठ, नजर दाराकडे. अमृतरावांनी साखळी आवळली. गुणाबाईची ओवी तेवढी थांबली नाही.

सरदारने मान वळवली, आणि गुणाबाईच्या मुठीला नाक लावले. खणकन् झाले, मग भाकरी कुठे आहे?

मूठ तर रिकामी होती. भाकरी केव्हाच संपली होती.

"अहो, बघता काय? द्या की!" गुणाबाई म्हणाली.

अमृतरावांनी साखळी पोत्यावर ठेवली, जराही वाजू न देता. दुरडीतून अख्खी भाकरी काढली आणि त्या शूरापुढे स्वतः बसून एकेक तुकडा मोडू लागले. बाहेर आभाळ गर्जत होते, आत एक जीव शांतपणे जेवत होता.

सर ओसरली तशी गडग्यापलीकडून नीलाबाईंची अपराधी हाक आली. "गुणाबाई, माझ्या हातनं चुकून... पळाला का वो सरदार?"

उत्तर द्यायला छाती पुढे काढून अमृतरावच अंगणात आले.

"कोन पळतंय? हिनं शिकवलंय त्याला! सरदार भाकर खाऊन राहिलाय!"